वर्गसमीकरण: युक्ती जुनी, सूत्र नवं

उणे बी अधिक-उणे वर्गमुळात बी वर्ग उणे चार एसी, भागिले दोन ए. ए क्ष² + बी क्ष + सी = ० हे वर्गसमीकरण सोडवायचं हे सूत्र दहावीपर्यंत सगळेच पाठ करतात आणि पेपर झाला की बहुतेक जण विसरतात. पण या सूत्राच्या पोटात जी खरी युक्ती आहे, पूर्ण वर्ग करायची, ती साडेतीन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि सूत्र आपण ज्या रूपात लिहितो ते मात्र चारशे वर्षांच्याही आतलं. मग मधल्या काळात अडलं कुठे? माझं मत विचाराल तर गणित अडलं नव्हतंच फारसं, अडत होतं ते उत्तर म्हणून काय चालवून घ्यायचं तिथे.

सुरुवात बॅबिलोनपासून. ब्रिटिश म्युझियममध्ये १३९०१ नंबरची एक मातीची पाटी आहे, इसवी सनापूर्वी १८०० ते १६०० च्या मधली, आणि तिच्यावरचं पहिलंच गणित असं: चौरसाचं क्षेत्रफळ आणि त्याची बाजू मिळून पाऊण होतात, तर बाजू किती? ते लोक साठाच्या पटीत मोजायचे त्यामुळे पाऊण म्हणजे साठातले ४५. रीत अशी की १ घे, अर्धा कर, अर्ध्याला अर्ध्याने गुण, पाव आला, तो पाऊणमध्ये मिळव, १ झाला, त्याचं वर्गमूळ १, त्यातून मघाचा अर्धा काढ, राहिला अर्धा, ही बाजू. ताळा करून बघा, पाव अधिक अर्धा म्हणजे पाऊणच. आता क्षेत्रफळात लांबी कशी काय मिळवली असं कोणी विचारेल, तर ती बाजू १ रुंदीची पट्टी समजून चौरसाला चिकटवायची, मग पट्टी मधोमध कापून अर्धी दुसऱ्या बाजूला लावायची आणि कोपऱ्यात जी रिकामी जागा राहते ती भरली की मोठा चौरस पुरा. पूर्ण वर्ग म्हणतात तो अक्षरशः हा. या समीकरणाचं दुसरं उत्तर उणे दीड येतं, पण चौरसाची बाजू उणे दीड कशी असणार, त्यामुळे त्याचा तिथे प्रश्नच नव्हता.

ग्रीकांनी हेच भूमितीत नेलं, युक्लिडच्या भूमितीच्या ग्रंथातल्या दुसऱ्या भागात याच कापाकापीची सिद्धतेसकट प्रमेयं आहेत. पण संख्या नाहीत, नुसत्या रेघा आणि आयत.

खरी उडी ब्रह्मगुप्ताची. इसवी सन ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात त्याने धन, ऋण आणि शून्य यांची बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम सरळ मांडले, धन म्हणजे जवळचा पैसा आणि ऋण म्हणजे कर्ज या भाषेत, आणि त्याच ग्रंथात वर्गसमीकरणाचा नियमही शब्दांत दिला: एका बाजूच्या संख्येला वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मधल्या पदाच्या सहगुणकाचा वर्ग मिळवा, वर्गमूळ काढा, मधला सहगुणक वजा करा, वर्गाच्या सहगुणकाच्या दुपटीने भागा. झालं, हे आपलंच सूत्र की, फक्त अधिक-उण्यातला एकच अर्धा भाग घेतलेला.

त्यानंतर श्रीधर, हाही भारतीय गणिती. त्याचा बीजगणिताचा ग्रंथ काळाच्या ओघात हरवला, पण त्याची रीत पुढे भास्कराचार्यांनी त्याच्या नावानिशी उद्धृत केली म्हणून टिकली. ती इतकी सुटसुटीत आहे की शाळेत हीच का शिकवत नाहीत हे मला कळत नाही. समजा ३क्ष² + ५क्ष = २ आहे. नेहमीच्या पद्धतीने आधी ३ ने भागा, मग पाच तृतीयांशाचा अर्धा, त्याचा वर्ग पंचवीस छत्तीसांश, इथेच वर्गातली निम्मी मुलं गळतात. श्रीधर म्हणतो भागू नका, उलट ३ च्या चौपटीने म्हणजे १२ ने गुणा: ३६क्ष² + ६०क्ष = २४. दोन्हीकडे ५ चा वर्ग २५ मिळवा, डावीकडे (६क्ष + ५)² तयार आणि उजवीकडे ४९. म्हणजे ६क्ष + ५ = ७, क्ष एक तृतीयांश, आणि उणे ७ घेतलं तर क्ष उणे २. शेवटच्या पायरीपर्यंत अपूर्णांक नाहीच.

इकडे बगदादमध्ये ८२० च्या आसपास अल-ख्वारिझ्मी हा गणिती लिहीत होता, आणि तो ऋण सहगुणक घेतच नसल्यामुळे त्याला एका समीकरणाचे सहा प्रकार करावे लागले. वर्ग अधिक मुळं (त्याच्या भाषेत मूळ म्हणजे क्ष) बरोबर संख्या हा एक, वर्ग अधिक संख्या बरोबर मुळं हा दुसरा, वगैरे, प्रत्येकाची रीत वेगळी. सगळं शब्दांत, चिन्हं नाहीतच. त्याचं प्रसिद्ध उदाहरण क्ष² + १०क्ष = ३९, क्ष बाजूचा चौरस काढून दोन बाजूंना ५ रुंदीच्या पट्ट्या लावल्या, कोपऱ्यात २५ चा चौरस भरला, ३९ आणि २५ मिळून ६४, बाजू ८, त्यातून ५ गेले, राहिले ३. बॅबिलोनचीच कापाकापी, पण आता कारणासकट समजावून सांगितलेली. उणे १३ हे दुसरं उत्तर अर्थातच गायब.

भास्कराचार्यांचं बीजगणित ११५० च्या सुमाराचं, आणि त्यातली माकडांची दोन गणितं म्हणजे या सगळ्या भानगडीचा अर्कच. पहिलं: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी माकडं वनात खेळतायत आणि उरलेली १२ डोंगरावर आहेत, कळप केवढा? उत्तरं दोन, ४८ आणि १६, दोन्ही बरोबर, दोन्ही घेतली. दुसरं: कळपाचा पाचवा भाग, त्यातून ३ वजा, त्याचा वर्ग इतकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. इथे ५ ला ते नकार देतात, कारण पाचाचा पाचवा भाग १ आणि त्यातून ३ गेले तर उणे २, आणि अशा ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही. वर्ग केल्यावर ४ च येतात, ताळा जुळतो, तरीही नको! म्हणजे धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळं असतात हे त्यांना पक्कं माहीत होतं, अडचण फक्त माकडांची होती. (ब्राझीलमध्ये शाळेत या सूत्राला चक्क भास्कराचं सूत्र म्हणतात, आणि स्वतः भास्कर श्रेय श्रीधराला देतात.)

अल-ख्वारिझ्मीचं पुस्तक ११४५ मध्ये लॅटिनमध्ये गेलं आणि त्याच्याबरोबर प्रकार पाडायची सवयही गेली, ती पुढे शतकानुशतकं सुटली नाही. १५४५ मध्ये इटलीतल्या कार्दानो या गणितीने १० चे असे दोन भाग करायला घेतले की गुणाकार ४० यावा, उत्तर आलं ५ अधिक आणि ५ उणे वर्गमुळात उणे १५, गुणून बघितलं तर ४० च, आणि तरी त्याचा शेरा असा की हे जितकं सूक्ष्म तितकंच निरुपयोगी. १५९१ मध्ये व्हिएत या फ्रेंच गणितीने माहीत असलेल्या संख्यांनाही अक्षरं दिली, मग कुठे सूत्र लिहायची सोय झाली. फ्रेंच गणिती देकार्तच्या १६३७ च्या पुस्तकातली लिपी आजच्यासारखी दिसते खरी, पण ऋण मुळांना, म्हणजे ऋण उत्तरांना, तोही खोटी मुळं म्हणायचा आणि वर्गसमीकरणाचे प्रकार त्यानेही वेगवेगळे केलेत. अक्षर स्वतःच धन किंवा ऋण असू शकतं हे लोकांच्या अंगवळणी पडलं तेव्हाच सगळे प्रकार एका ओळीत मावले.

२०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या पो-शेन लो यांनी एक सोपी रीत मांडली आणि ती खूप फिरली, तीही बॅबिलोनी लोकांच्या बेरीज-गुणाकाराच्या गणितांच्या (दोन संख्यांची बेरीज आणि गुणाकार दिलाय, तर संख्या शोधा) जवळची आहे. पहिल्या माकडांचं समीकरण सरळ केलं तर क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० येतं. दोन मुळांची बेरीज ६४, म्हणजे सरासरी ३२, एक मूळ ३२ च्या जितकं वर तितकंच दुसरं खाली. गुणाकार ७६८ हवा, ३२ चा वर्ग १०२४, फरक २५६, त्याचं वर्गमूळ १६, म्हणून ४८ आणि १६. पाठ काहीच करावं लागत नाही, आणि हा फरक २५६ च्या जागी ऋण आला तर वास्तव मुळं नाहीत हेही तिथल्या तिथे दिसतं.