आईची शिदोरी

गाय व्यायली की पहिलं काम काय, हे गोठा सांभाळणाऱ्याला शिकवावं लागत नाही. वासराला कास दाखवायची. ते धडपडत उभं राहिलं नाही तर उचलून धरायचं, पण चीक त्याच्या पोटात गेलाच पाहिजे, तोही लवकरात लवकर. उरला तर खरवस. चीक न मिळालेलं वासरू हगवणीने जातं, हे पिढ्यानपिढ्या पाहिलेलं. पण त्याच घरात, माजघरापलीकडच्या अंधाऱ्या खोलीत, बाळंतिणीचं पहिलं पिवळसर दूध पिळून टाकलं जायचं. "जड असतं, पचत नाही." मग तीन दिवस बाळ गुळाच्या पाण्यावर आणि मधाच्या बोटावर. माझ्या आजीनेही असंच केलं, आणि गाईचा खरवस मात्र गल्लीभर वाटला.

आजीची बाळं तरीही वाचली, याला एक कारण आहे. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची रोगप्रतिकारक द्रव्यं जवळजवळ नसतात. गाईच्या वारेतून ती पलीकडे जातच नाहीत. जे मिळायचं ते चिकातून, आणि ते शोषून घेणारं आतड्याचं दार साधारण दिवसभरात बंद होतं. माणसाच्या बाळाचं तसं नाही. त्याला आई पोटात असतानाच शिदोरी बांधून देते. गोवर, कांजिण्या, घटसर्प, जे जे आईच्या शरीराने पाहिलं किंवा ज्या ज्या लसी तिने घेतल्या, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं (आपण सर्रास अँटिबॉडीज म्हणतो ती) वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात.

हे प्रथम नीट दाखवलं ते पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने, 1892 साली, उंदरांवर. त्याने वापरलेली विषं आपल्या ओळखीची आहेत : एक गुंजेच्या बीमधलं, दुसरं एरंडीच्या. थोडं थोडं विष देऊन त्याने उंदीर त्याला पचवतील असे तयार केले. अशा मादीची पिल्लं जन्मतःच विषाला तोंड देऊ शकत. बाप तयार केलेला असेल आणि आई साधी, तर मात्र पिल्लांना काही मिळत नसे. मग त्याने पिल्लांची अदलाबदल केली. साध्या आईची पिल्लं तयार मादीच्या अंगावर पाजली, तर तीही वाचली. म्हणजे दोन वाटा : एक वारेतून, एक दुधातून. उंदरात दुधातली प्रतिपिंडं आतड्यातून रक्तात जातात. माणसात ती बहुतेक आतड्यातच थांबतात आणि तिथल्या अस्तरावर पहारा देतात. बाळाला हगवण लागू नये म्हणून नेमकी तिथेच त्यांची गरज असते.

ही शिदोरी मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरते. जितके दिवस जास्त, तितकी ती जड. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात काही प्रतिपिंडं आईच्या रक्तापेक्षाही जास्त सापडतात. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" असं आपल्याकडे ठामपणे सांगितलं जातं, ते कुठून आलं देव जाणे. आठव्यातल्या बाळाची फुप्फुसंही जास्त तयार असतात आणि शिदोरीही मोठी असते.

आता नेहमीच्या प्रश्नांकडे. "जखम झाली नाही, गंजका खिळा लागला नाही, मग गरोदरपणी धनुर्वाताचं इंजेक्शन कशाला?" जखम होणार असते ती बाळाला. कापलेली नाळ ही जखमच. धनुर्वाताचे जिवाणू मातीत, धुळीत, जनावरांच्या शेणात बीजाणू (म्हणजे जाड कवचातलं झोपलेलं रूप) होऊन वर्षानुवर्षं पडून राहतात. कोयत्याने नाळ कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, म्हणजे त्यांना घरात बोलावून पाट मांडण्यासारखं होतं. असं बाळ पहिले दोन दिवस छान पितं, रडतं. तिसऱ्या दिवसानंतर कधीतरी, बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, त्याचा जबडा घट्ट होतो, स्तन तोंडात धरता येत नाही. मग अंग ताठ. स्नायूंना 'सैल हो' सांगणारे मज्जारज्जूतले निरोप हे विष अडवतं. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा दणकट, म्हणून शरीर मागे वाकतं, धनुष्यासारखं. आजाराचं नाव ठेवणाऱ्याने ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

पाचवीच्या रात्री पाट्याची पूजा, उशाशी विळा, दिवा विझू द्यायचा नाही, कुणीतरी जागं राहायचं. सटवाई येते आणि कपाळी लिहून जाते. ही भीती नेमकी पाचव्या-सहाव्या दिवसाभोवतीच का घट्ट झाली असेल? माझा आपला अंदाज आहे, पुरावा नाही : बाळं दगावायची ती याच दिवसांत. जागणाऱ्या बायांना काळ बरोबर ठाऊक होता. कारण तेवढं नाळेवरच्या शेणात होतं.

या विषाची एक विचित्र गोष्ट आहे. ते इतकं जहाल असतं की जीव घ्यायला पुरेशी मात्राही प्रतिकारशक्तीला जागं करायला कमी पडते. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही त्यामुळे पुढे संरक्षण मिळत नाही, लस घ्यावीच लागते. कोणत्याही आईच्या शिदोरीत धनुर्वाताची पुडी आपोआप येत नाही ती म्हणूनच. ती इंजेक्शननेच घालावी लागते. गरोदरपणाची नोंद झाल्यावर पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. मागच्या तीन वर्षांत दोन्ही डोस झाले असतील तर एकच पुरतो. पूर्वीच्या टीटीच्या, म्हणजे नुसत्या धनुर्वाताच्या लसीच्या, जागी आता टीडी देतात, त्यात घटसर्पाचाही भाग असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 1988 साली जगभरात 7 लाख 87 हजार नवजात बाळं धनुर्वाताने गेली. 2015 साली भारताने माता आणि नवजात धनुर्वाताचं उच्चाटन केल्याचं प्रमाणित झालं. उच्चाटन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. माती तीच आहे आणि बीजाणूही तिथेच आहेत, म्हणून इंजेक्शन चालू.

मध चाटवण्याचा प्रश्नही याच घराण्यातला. धनुर्वाताच्या जिवाणूचा एक भाऊबंद, बॉट्युलिझमचा, कधी कधी मधात बीजाणू होऊन बसलेला असतो. मोठ्यांच्या आतड्यात त्याला रुजायला जागा मिळत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मिळू शकते. इथे उलटं होतं : अंग ताठ होण्याऐवजी लुळं पडतं, रडणं क्षीण होतं, मान टिकत नाही. आजार दुर्मीळ, पण बोटभर मधासाठी तो पत्करावा कशाला? शुद्ध, रानातला, घरच्या पोळ्याचा, कुठलाही मध वर्षभर नको.

कधी कधी शिदोरी बांधायला वेळच मिळत नाही. आईला कांजिण्या कधी झाल्या यावर बाळाचं बरंच काही अवलंबून असतं. बाळंतपणाच्या दोन-तीन आठवडे आधी झाल्या, तर तिच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि विषाणूमागोमाग तीही बाळाकडे पोचतात. पण पुरळ बाळंतपणाच्या आधीच्या पाच दिवसांत किंवा नंतरच्या दोन दिवसांत उठलं, तर बाळाला विषाणू मिळतो आणि ढाल मिळत नाही. अशा बाळाला तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं. पुरळ कोणत्या तारखेला दिसलं हे डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात ते उगाच नाही.

'ब' कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी. इथे तर आईकडेच ती पुडी नसते. विषाणू तिच्या शरीरात वर्षानुवर्षं राहतो, तिला बहुधा काही त्रास नसतो, गरोदरपणातल्या रक्ततपासणीतच कळतं. बाळाला लागण होते ती मुख्यतः बाळंतपणाच्या वेळी, रक्तातून. मोठेपणी हा विषाणू शिरला तर शंभरातली पंचाण्णवहून अधिक माणसं त्याला हाकलून लावतात. नवजात बाळांत मात्र नव्वदच्या आसपास बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम ठोकतो, आणि चाळिशीत यकृत सुकल्यावर आठवण करून देतो. उपाय शर्यतीचा आहे. विषाणूला हातपाय पसरायला काही आठवडे लागतात, तेवढ्यात लस पुढे काढायची. म्हणून जन्मापासून 24 तासांच्या आत पहिला डोस, आणि आई बाधित असेल तर सोबत दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडं, शक्यतो 12 तासांच्या आत. बाळ रविवारी जन्मलं म्हणून सोमवारवर टाकायचं हे काम नाही. एवढं झालं की अंगावर पाजायला हरकत नाही.

शिदोरी फसवतेही. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाची नेहमीची तपासणी केली तर ती जवळजवळ नेहमीच पॉझिटिव्ह येते, कारण ती तपासणी प्रतिपिंडं शोधते आणि ती आईची असतात. या कागदाने घरं मोडलेली आहेत. खरं उत्तर हवं तर विषाणूच शोधावा लागतो, त्यासाठी सहाव्या आठवड्याला बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पाठवतात. प्रतिपिंडांच्या तपासणीवर शेवटचं शिक्कामोर्तब होतं ते अठराव्या महिन्यात, आईची सगळी संपल्यावर. काहीच उपाय केला नाही तर अशा शंभर बाळांतल्या 15 ते 45 जणांना लागण होते. आईची औषधं नियमित चालू असतील आणि बाळालाही औषध मिळालं, तर हा आकडा पाचाच्या खाली येतो.

पाजायचं का? आपल्या सरकारी कार्यक्रमाचं उत्तर आहे : आईची औषधं चालू ठेवून पहिले सहा महिने फक्त अंगावर. यातला 'फक्त' हा शब्द महत्त्वाचा. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये झालेल्या आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक अनपेक्षित गोष्ट दिसली : तीन महिन्यांपर्यंत निव्वळ आईच्या दुधावर राहिलेल्या बाळांपेक्षा, आईचं दूध आणि वरचं असं दोन्ही मिळालेल्या बाळांना लागण जास्त झाली. वरच्या पाण्या-दुधाने आतड्याचं कोवळं अस्तर दुखावतं आणि विषाणूला फट मिळते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. आपल्याकडे वरचं म्हणजे फक्त डब्यातली पावडर असं समजतात. गुटी, ग्राइपवॉटर, साखरपाणी, सगळं वरचंच.

बाकीचे प्रश्न भराभर. आईला सर्दी-ताप आहे, पाजू का? पाजा, तोंडाला मास्क लावून, हात धुऊन. ज्या जंतूशी ती लढते आहे त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं तिच्या दुधात येऊ लागलेली असतात. आईला जुलाब? तरीही पाजा. क्षयरोग? तो खोकल्यातून पसरतो, दुधातून नाही. मास्क, आईचे पूर्ण उपचार आणि बाळाला प्रतिबंधक औषध. आधी औषध का आधी बीसीजी (क्षयाची लस), हे डॉक्टरांना ठरवू द्या. रुबेलाची लस गरोदरपणात घ्यायची नसते, त्याआधी घ्यायची.

बाळंतिणीबद्दल मात्र कुणी फारसं विचारत नाही. तिला ताप आला की "दूध चढलंय" म्हणून शेगडी वाढवतात. स्तन भरून येताना अंग थोडं कोमट लागतं, हे खरं. पण थर्मामीटर 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, ओटीपोट दुखतंय, जाणाऱ्या पाण्याला घाण वास आहे, तर गर्भाशयात संसर्ग असू शकतो. हाच तो जुना बाळंतरोग. 1847 साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात 18 बाया मरत होत्या, जुलैत सव्वाच्या आसपास. तरीही सहकाऱ्यांना पटलं नाही. स्वतःचे हात घाण आहेत हे ऐकून घेणं कुणालाच सोपं जात नाही, बाळाला बघायला बसमधून उतरून थेट आलेल्या पाहुण्यांनाही नाही.

संसर्ग लवकर ओळखला तर काय होतं, हे गडचिरोलीने दाखवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत थोडंफार शिकलेल्या गावच्याच बायांना आरोग्यदूत केलं. नवजात बाळ तपासणं, जंतुसंसर्ग ओळखणं, घरीच अँटिबायोटिक देणं, हे त्या शिकल्या. 1999 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला होता. आज आशाताई दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या दिवसापासून 42व्या दिवसापर्यंत सहा वेळा बघायला येतात, त्याचं मूळ इथे आहे. त्या काय बघतात ते घरच्यांनीही बघावं. छान पिणारं बाळ प्यायचं थांबलं, रडणं बारीक झालं, अंग गार किंवा गरम लागतंय, शांत असताना श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, बेंबीतून पू : यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नये.

शिदोरी पुढे सरत जाते. आईची प्रतिपिंडं साधारण दर तीन आठवड्यांनी निम्मी होतात. ती भरपूर असतात तोवर गोवराची लस टोचून उपयोग नाही, लसीतला दुबळा विषाणू ती आधीच फस्त करतात. फार उशीर केला तर खरा गोवर गाठतो. म्हणून आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस. त्या वयाला शंभरातल्या 85 बाळांना तो लागू पडतो. उरलेल्यांपैकी काहींच्या रक्तात आईने बांधून दिलेले दोन घास अजून शिल्लक असतात, आणि मुख्यतः त्या पंधरा जणांसाठीच 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान कार्डावर गोवर-रुबेलाची दुसरी तारीख लिहिलेली असते.