सातशे मीटर खोलीवरचा मुकादम

चिलीच्या अटाकामा वाळवंटात, कोपियापो शहराजवळच्या सान होसे खाणीत ५ ऑगस्ट २०१० रोजी खडक कोसळला आणि जमिनीखाली सुमारे सातशे मीटरवर ३३ कामगार अडकले. आसऱ्याच्या खोलीत अन्न होते ते दोन-तीन दिवसांपुरते. पुढचे १७ दिवस वरच्या जगाला ते जिवंत आहेत की नाहीत हेही ठाऊक नव्हते, आणि तेवढ्या काळात दर ४८ तासांनी दोन चमचे टूना मासा, घोटभर दूध आणि एखादे बिस्किट एवढ्यावर त्यांनी तग धरला.

या पाळीचे मुकादम होते ५४ वर्षांचे लुईस उर्सुआ. वर्तमानपत्रांनी त्यांना पोलादी मनाचा सेनापती ठरवले. पण कामगारांनी नंतर जे सांगितले, त्यावरून दिसणारे चित्र निराळे आणि माझ्या मते अधिक बोधप्रद आहे. खडक कोसळल्यावर उर्सुआ यांनी अधिकाराची खूण असलेले पांढरे शिरस्त्राण उतरवले आणि आता इथे कोणी साहेब नाही, असे सांगितले. काहींना ते कच खाणे वाटले. तरी त्यातूनच निर्णय बहुमताने घेण्याची रीत पडली, मारिओ सेपुल्वेदा यांच्यासारखा बोलका सहकारी पुढे आला, होसे एन्रीकेस प्रार्थना घेऊ लागले, आणि मोजणीच्या कामात मुरलेले उर्सुआ भुयारांचा नकाशा तयार करण्याच्या मागे लागले.

हे सगळे मनाला का सावरते, याचे उत्तर शोधताना मेंदूविज्ञानाला बराच वळसा घ्यावा लागला. १९६७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग, जे आज कोणतीही नैतिक समिती सहजासहजी मंजूर करणार नाही, असे होते की एका गटाला डोक्याने पट्टी दाबून विजेचा झटका थांबवता येई, तर दुसऱ्या गटाला नेमके तेवढेच झटके बसत, पण ते थांबवणे त्याच्या हाती नसे. नंतर सुटकेची वाट मोकळी असलेल्या पेटीत ठेवल्यावर दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्रे पळून न जाता झटके सोसत पडून राहिले. यावरून असहायता ही शिकली जाते, असा निष्कर्ष काढला गेला आणि तो पाठ्यपुस्तकांत अनेक दशके टिकला.

पुढे मायर यांनीच उंदरांच्या मेंदूत डोकावून तो जवळजवळ उलटा केला. दीर्घ संकटात मेंदूच्या देठातील एक छोटा पेशीपुंज सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन सोडत राहतो आणि प्राणी निपचित होतो. ही प्रतिक्रिया शिकावी लागत नाही, ती मुळातच असते. शिकली जाते ती दुसरी गोष्ट: आपल्या कृतीने काहीतरी बदलते आहे, हे कपाळामागच्या भागातील पेशींच्या लक्षात येते आणि त्या देठातील पुंजाला आवर घालतात. त्या पेशी औषधाने तात्पुरत्या बंद केल्या, तर झटका थांबवता येणारा उंदीरही असहायासारखा वागतो. शिवाय ज्या उंदराने आधी एकदा नियंत्रण अनुभवले आहे, तो पुढे खरोखर हाताबाहेरच्या संकटातही कमी खचतो. उंदरावरून माणसाकडे उडी मारताना जपूनच राहायला हवे, तरी हातात काहीतरी करण्याजोगे काम असणे एवढे मोलाचे का, याचा हा धागा पटण्याजोगा आहे.

नेत्यांच्या बाबतीत याला पूरक असा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लष्करी आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणसंप्रेरकाचे प्रमाण, हाताखाली माणसे नसलेल्यांच्या तुलनेत, कमी आढळले; वरच्या पदांवर ते आणखी कमी होते आणि त्याचा संबंध परिस्थिती आपल्या हाती असल्याच्या भावनेशी दिसला. अर्थात, मुळातच शांत असलेली माणसे वर चढत असतील ही शक्यता हा अभ्यास खोडून काढत नाही. पण पद नियंत्रणाची भावना देत असेल, तर ती एकाच्याच वाट्याला ठेवणारा नेता स्वतः सावरतो आणि बाकीच्यांना मात्र त्या दुसऱ्या गटात लोटतो. खाणीत ती ३३ जणांत वाटली गेली होती.

२२ ऑगस्टला वरून सोडलेला ड्रिल आसऱ्यापर्यंत पोहोचला आणि परत वर येताना आपण सगळे ठीक असल्याची कामगारांची चिठ्ठी घेऊन आला. मग सुरुवातीला मोजकेच ग्लुकोज देण्यात आले, कारण उपाशी शरीरात एकदम भरपूर अन्न गेले की इन्शुलिन उसळते, रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात व हृदय बंद पडू शकते. नासाच्या पथकाने आहाराबरोबरच उजेड आणि अंधाराचे वेळापत्रक पाळण्याचा सल्ला दिला. कामगारांचे अकरा-अकरांचे तीन गट झाले आणि आठ-आठ तासांच्या पाळ्या लागल्या. सुटकेचे छिद्र रुंद करताना खाली पडणारा दगडांचा ढीग उपसणे हे या पाळ्यांचे काम होते; ते मन रमवण्यासाठी दिलेले नव्हते, ढीग साचला असता तर सुटकाच रखडली असती.

६९व्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, सगळे वर आले, शेवटी उर्सुआ. त्यानंतरच्या काळात मात्र त्यांच्यापैकी अनेकांना दुःस्वप्ने, निद्रानाश आणि आघातोत्तर मानसिक त्रासाने गाठले. खाली सोसलेल्याचे ते ओझे होतेच, पण मला त्यात आणखी एक कारण दिसते: वर पाळी नव्हती, बहुमत नव्हते, उपसायला ढीग नव्हता, आणि आपली गोष्ट कोण कशी सांगणार हेही त्यांच्या हाती उरले नव्हते.