डॉक्टरांमधील बर्नआउट

कामाचा ताण दीर्घकाळ साचत गेल्याने डॉक्टरांमध्ये येणारी शक्तिक्षयाची अवस्था. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्याच्या अनुभवावरून तिचे वर्णन केले. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली मांडली. तिच्यात तीन लक्षणे धरली आहेत : भावनिक थकवा, रुग्णाविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची गणना आजारांत नाही. व्यवसायाशी निगडित घटना म्हणून त्याची नोंद आहे. त्यामुळे कारणे डॉक्टरच्या स्वभावाआधी त्याच्या कामाच्या रचनेत शोधावी लागतात.

कोल्हापुरात ही रचना ठळक दिसते. ‘थोरला दवाखाना’ म्हणून ओळखले जाणारे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सीपीआर, हे राजर्षी शाहू शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. जिल्ह्यातल्या तालुक्यांबरोबरच सिंधुदुर्ग आणि सीमाभागातूनही रुग्ण येथे येतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलींचे अपघात, पावसाळ्यात सर्पदंश, शिवाय कीटकनाशक प्राशन केलेले रुग्ण : यांतले बरेचसे रात्री-अपरात्रीच येतात. अशा वेळी कॅज्युअल्टीत (तातडीच्या उपचार विभागात) पहिला उभा असतो तो निवासी डॉक्टर, म्हणजे रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर. सलाईन लावणे, रक्तपेढीकडे धावणे, नातेवाइकांना समजावणे आणि सकाळच्या राउंडपूर्वी केसपेपर पूर्ण करणे, सगळे त्याच्याच अंगावर. केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टरांसाठीच्या १९९२ च्या योजनेत सलग काम सामान्यतः बारा तासांपेक्षा जास्त नसावे असे म्हटले आहे. पण देशभरातल्या वॉर्डांत छत्तीस तासांची ड्यूटी नवलाची मानली जात नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. हा आकडा ‘दिलासा’ म्हणून पुढे येतो, यावरूनच मूळ परिस्थितीची कल्पना यावी.

खासगी व्यवसायातला ताण निराळा. राजारामपुरी-शाहूपुरीसारख्या भागात खाली दवाखाना आणि वर घर असलेले डॉक्टर दांपत्य रात्रीच्या बेलपासून सुटू शकत नाही. कर्जाचे हप्ते, नर्सची टंचाई आणि महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांचे कागदपत्र यांत रुग्ण तपासण्याइतकाच वेळ जातो. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. रुग्णाचा हक्क त्यामुळे बळकट झाला हे खरेच. डॉक्टरच्या मनातली दाव्याची धास्तीही वाढली. त्यात जमावाने दवाखाना फोडण्याची भीती असते. महाराष्ट्राने २०१० मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. रात्री दोन वाजता एकटा उभा असलेल्या डॉक्टरला मात्र कलमापेक्षा दारावरचा सुरक्षारक्षक जास्त उपयोगी पडतो.

करोनाकाळाने हे सारे एकत्र आणले. जिल्ह्यात दुसरी लाट लांबली आणि ती ओसरायच्या आतच जुलै २०२१ चा महापूर आला.

परिणाम प्रथम डॉक्टरच्या झोपेवर आणि घरावर दिसतात : चिडचिड, व्यसन, नैराश्य, काहींत आत्महत्येचे विचार. रुग्णालाही झळ बसते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात बर्नआउट झालेल्या डॉक्टरांच्या बाबतीत रुग्णसुरक्षेला बाधा येण्याची शक्यता सुमारे दुप्पट आढळली. अनुभवी डॉक्टर रात्रीच्या केसेस घेणे बंद करतो, तेव्हा ते रुग्ण शेवटी थोरल्या दवाखान्याच्याच दारात येतात आणि तिथल्या निवासी डॉक्टरची रात्र आणखी लांबते.

उपाय म्हणून योगवर्ग आणि समुपदेशन सुचवले जाते. ते निरुपयोगी नाही, पण रिक्त पदे भरणे, ड्यूटीनंतर सक्तीची सुटी, स्वच्छ विश्रांतिकक्ष आणि नातेवाइकांशी बोलायला स्वतंत्र समन्वयक यांची जागा ते घेऊ शकत नाही. मदत मागितल्यास ‘हा कच्चा आहे’ असा शिक्का बसेल या भीतीने अनेकजण मानसोपचारतज्ज्ञाकडे जातच नाहीत. गेलेच तर ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून सांगली किंवा पुणे गाठतात.