ऐषआराम रबराचा असतो

मामांची गाडी माझ्याकडे आली तेव्हा मीटरवर ८४,००० किलोमीटर होते. १९९८ सालची जर्मन सेडान, सीटांना मूळचंच कातडं, दार लावलं की तिजोरी बंद व्हावी तसा ‘धप्प’ आवाज. सोसायटीत ज्याने त्याने मीटरमध्ये डोकावून एकच वाक्य म्हटलं, "फक्त चौऱ्याऐंशी हजार? म्हणजे नवीच की!" मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या महिन्यात या ‘नव्या’ गाडीने पार्किंगच्या फरशीवर तीन रंगांचे डाग पाडले. काळा इंजिन ऑइलचा, लाल स्टीअरिंगच्या ऑइलचा आणि हिरवा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा.

गॅरेजवाल्या चाचांनी बॉनेट उघडलं, दोन-चार पाइप चिमटीत दाबून पाहिले आणि बोटं माझ्यापुढे धरली. काळीकुट्ट. "इंजिनाला काही झालेलं नाही," ते म्हणाले, "रबर मेलंय."

त्या दिवसापासून मी या गाडीकडे यंत्र म्हणून कमी आणि रबराचा साठा म्हणून जास्त पाहतो. महागड्या गाडीत आपण पैसे कशाचे मोजतो? रस्ता जाणवू नये, इंजिन ऐकू येऊ नये, वारा आत येऊ नये, याचे. आणि हे तिन्ही ‘न’ प्रामुख्याने रबर सांभाळतं. ॲम्बेसेडरला मागे पाट्यांच्या कमानी होत्या. खड्डा बसला की तो पाठीपर्यंत पोचायचा, पण झिजायला फार काही नव्हतं. याउलट १९८२ साली मर्सिडीजने १९० मॉडेलमध्ये मागच्या प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांडे दिले. हीच रचना पुढे त्यांच्या ई-क्लासमध्ये आली, आणि १९९५ पासून ती गाडी पुण्यात बनू लागली. चाक खड्ड्यात जाताना कुठल्या दिशेने किती हलावं, हे पाच दांडे मिळून ठरवतात. त्यामुळेच तो तरंगल्यासारखा प्रवास. पण पाच दांड्यांची दहा टोकं, दोन बाजू मिळून वीस, आणि जवळजवळ प्रत्येक टोकाशी रबराचा बुश (सांध्यातली रबरी गादी) किंवा रबरी टोपीतला बॉल जॉइंट. आराम जितका जास्त, तितकं रबर जास्त. आणि रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं.

कच्चं रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता, ताटातल्या शेवयांसारखा. उन्हाळ्यात चिकट, थंडीत ठिसूळ. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ मध्ये कळलं की गंधक घालून तापवलं की या शेवया एकमेकींना जागोजागी बांधल्या जातात. मग ओढलं तरी त्या निसटत नाहीत, सोडलं की जागेवर येतात. हेच व्हल्कनायझेशन. पंक्चरवाल्याच्या पाटीवर या शब्दाची शंभर रूपं आपण वाचलेली असतात. मेख अशी की ही क्रिया कारखान्यात पूर्ण थांबत नाही. गॅस बंद केला तरी कुकरमधली डाळ शिजत राहते, तसं बॉनेटखालच्या उष्णतेत रबर ‘शिजत’ राहतं. हवेतला ऑक्सिजन आणखी गाठी मारतो. गाठी वाढल्या की लवचीकपणा जातो, रबर कडक होतं आणि शेवटी तडकतं.

रसायनशास्त्रात एक ढोबळ हिशेब आहे: तापमान दर १० अंशांनी वाढलं की बऱ्याच क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. ३० अंशांवर ठेवलेला पाइप आणि ९० अंशांवर इंजिनाला चिकटलेला पाइप यांच्यात असे सहा टप्पे आहेत, म्हणजे सहा वेळा दुप्पट, ६४ पट. आकडा काटेकोर मानू नका, पण एकाच गाडीत डिकीचं रबर मऊ आणि थर्मोस्टॅटजवळचा पाइप बिस्किटासारखा का, ते यातून कळतं.

मग उभी राहिलेली गाडी तरी सुरक्षित? तीही नाही, कारण तिथे ओझोन गाठतो. शहरात वाहनांच्या धुरावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. म्हणजे गाड्यांच्याच धुरातून आलेला वायू गाड्यांचंच रबर खातो. हवेत तो नगण्य असतो, तरी नैसर्गिक रबराच्या रेणूंतले दुहेरी बंध तो कात्रीसारखे कापतो. आणि कापतो तेही जिथे रबर ताणलेलं आहे तिथेच. एखादा जुना पाइप बाहेरच्या वळणावर वाकवून पाहा, ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगांच्या ओळी दिसतील. कारखाने यावर उपाय म्हणून रबरात मेण घालतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन थर धरतं. पण मेण वर यायला रबर हलतं राहिलेलं बरं. मामांची गाडी शेवटची सहा वर्षं फक्त दसऱ्याला बाहेर निघायची. कमी चालवून त्यांनी तिला जपलं, असं सगळे म्हणायचे.

आता घरी काय करता येतं? बरंच. रबराचे भाग इंजिनाच्या भागांपुढे स्वस्त असतात, महाग असते ती त्यांच्यापर्यंत पोचण्याची मजुरी. दीडशे रुपयांच्या ओ-रिंगसाठी, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्यासाठी, आठ तास खोलाखोल. हे आठ तास ज्याच्याकडे रविवारी आहेत, त्याने हे काम करावं. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. जॅक हे गाडी उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. खाली शिरण्याआधी स्टँड लावलेच पाहिजेत. विटा चालत नाहीत, ठोकळे चालत नाहीत.

पहिल्या उत्साहात मी मागचे चार बुश बदलले आणि जी चूक केली ती बहुतेक नवशिके करतात. बुश म्हणजे बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि दोन्हींना घट्ट चिकटलेलं मधलं रबर. दांडा वरखाली होतो तेव्हा तिथे काहीच घसरत नाही, रबरच पिळलं जातं आणि परत येतं. मी गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले. म्हणजे चाक सगळ्यात खाली असतानाची स्थिती ही रबराची ‘आरामाची’ स्थिती ठरली. गाडी जमिनीवर टेकताच प्रत्येक बुश कायमचा पिळला गेला, ओला टॉवेल पिळून तसाच धरून ठेवावा तसा. आठ महिन्यांत चारही फाटले. बोल्ट आधी हलके बसवायचे, गाडीचं वजन चाकांवर घ्यायचं आणि मगच शेवटचा पाना मारायचा. चाचांना हे सांगितल्यावर ते हसले. "सांगायला हवं होतं का?" म्हणाले.

इंजिन ज्यावर बसतं ते माउंटिंग तर याहून मजेदार. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर निवांत चालू असतं, तेव्हा सेकंदाला २५ स्फोट होतात. हे २५ धक्के सीटपर्यंत पोचू नयेत म्हणून माउंटिंग मऊ हवं. पण खड्ड्यात इंजिन उड्या मारू नये म्हणून ते कडकही हवं. आलिशान गाड्यांत यासाठी माउंटिंगच्या पोटात द्रव भरलेला असतो, दोन कप्पे आणि मध्ये अरुंद वाट. मोठा धक्का आला की द्रवाला त्या वाटेतून ढकलावं लागतं आणि धक्क्याचा जोर तिथेच जिरतो. रबराला चीर पडून द्रव गळाला की उरतो साधा रबराचा ठोकळा. माझ्याकडे सिग्नलला थांबलं की आरशातला मागचा रिक्षावाला दुहेरी दिसायचा. दोन माउंटिंग बदलली, आता एकच दिसतो.

रबर एकाच जातीचं नसतं, हे मात्र कळायलाच हवं. इथे आपली भाषा आपल्याला फसवते. ज्याला सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात त्यात ऑइल नसतं. तो ग्लायकॉलच्या कुळातला द्रव आहे, आणि ब्रेकमधली बहुतेक रबरं ज्या जातीची असतात तिला तो मानवतो. त्याच रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं, भिजवलेल्या साबुदाण्यासारखं. म्हणून ‘ऑइलच आहे ना’ म्हणत ब्रेकच्या द्रवाच्या डबीत चमचाभर इंजिन ऑइल गेलं, किंवा जुळणी करताना ब्रेकच्या रबरी वॉशरला साधं ग्रीस लावलं, तर ब्रेक जाम होऊ शकतात आणि सगळी यंत्रणा खोलावी लागते. उलट, इंजिन ऑइल आणि पेट्रोलच्या वाटेवर नायट्राइल रबर असतं. त्याला तेल चालतं, पण ओझोन सोसत नाही. काळ्या रंगावरून जात ओळखता येत नाही. बाजारात ‘कुठे लावायचं आहे’ हे सांगूनच माल घ्यावा.

या ब्रेकच्या द्रवाला आणखी एक खोड आहे. तो हवेतली ओल पितो. नव्या ‘डॉट ४’ प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो; त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हद्द १५५ पर्यंत खाली येते. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरताना सतत ब्रेक दाबले की द्रव तापतो, आतल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल स्पंजासारखं थेट तळाला. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवाच ओलसर, म्हणून दर दोन वर्षांनी हा द्रव बदलायचा, गाडी पाचशे किलोमीटर चालली असली तरी.

कूलंटबाबत इतकंच: आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून बोअरचं पाणी भरू नका. कूलंटचं खरं काम इंजिनातल्या ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवणं हे आहे. गरम गाडीचं झाकण तर उघडूच नका. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी सव्वाशे अंशांपर्यंत न उकळता राहू शकतं. झाकण फिरवताच दाब जातो आणि ते क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. सांडलेला हिरवा द्रव लगेच पुसा. तो चवीला गोड आणि विषारी असतो, सोसायटीतली मांजरं चाटतात.

रबराचा दोष नसलेलं एक दुखणंही सांगतो, कारण त्यात मी दोन बॅटऱ्या वाया घालवल्या. पावसाळी सकाळी चावी फिरवली की नुसतं ‘कट-कट’. बॅटरी नवी, तरी तेच. शेवटी मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरी थेट इंजिनाच्या धातूला लावली आणि बायकोला स्टार्टर मारायला सांगितला. मीटरवर १.८ व्होल्ट. या दोन जागा बॉडीमार्गे जाड तारांनी जोडलेल्या, तिथे फरक जवळजवळ शून्य हवा. बॉडी आणि इंजिन यांमधली अर्थिंगची विणलेली पट्टी बोल्टखाली हिरवी पडली होती. स्टार्टर १८० अँपिअर ओढतो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला तरी १.८ व्होल्ट तिथेच खर्च होतात. गंमत म्हणजे स्टार्टर न मारता अडथळा मोजला की साधा मीटर शून्यच दाखवतो. दोष वीज वाहतानाच पकडावा लागतो. पॉलिश पेपर, वीस मिनिटं, खर्च शून्य.

गाडीच्या छताचं कापड मात्र रबराच्या भावकीतलंच. ते लोंबू लागलं तेव्हा मला वाटलं, डिंक सुटला. फळी उतरवली तर कापडामागून पिवळसर भुकटी हळदीसारखी अंगावर पडली. कापड आणि फळी यांमध्ये पॉलियुरेथेनचा पातळ फोम असतो. हवेतलं पाणी त्याचे बंध तोडतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वेगाने करतं. गाडी बारा वर्षं मुंबईत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असायची, हे मग आठवलं. यात नुसता डिंक लावून भागत नाही, कारण चिकटवायला खालचा फोमच उरलेला नसतो. भुकटी मऊ ब्रशने पूर्ण खरवडून (नाकाला मास्क बांधून), फोमचं अस्तर असलेलं नवं कापड उष्णता सोसणाऱ्या स्प्रेने लावलं. पुण्यातल्या दोन मे महिन्यांत ते टिकलंय.

सध्या पेट्रोलचे पाइप बदलायला घेतलेत. २०२५ मध्ये आपल्याकडचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलपर्यंत पोचलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घसरतं, ते सोसेन. पण १९९८ च्या रबराला एवढ्या इथेनॉलची सवय नाही. ते जुन्या नायट्राइलला फुगवतं आणि त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं धुऊन नेतं. गरम इंजिनाशेजारी पेट्रोलची गळती हा थट्टेचा विषय नाही.

परवा पाइपांसाठी नाना पेठेत गेलो. दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकत एक पाकीट काढलं. परदेशी, सीलबंद, वर माझ्याच गाडीचा पार्ट नंबर. "एकच शिल्लक आहे, ओरिजिनल." मी पाकीट उलटं केलं. कोपऱ्यात छापलं होतं २००३. बोटाने दाबलं, तर आतून बारीक करकर ऐकू आली. मी ते काउंटरवर ठेवलं आणि मीटरच्या मापाने कापून मिळणारा, यंदाच्या तारखेचा साधा पाइप मागितला.

"अहो," तो म्हणाला, "एकदाही वापरलेला नाही हा!"