६०० कोटी अक्षरांची नक्कल

"जन्मात तंबाखूला हात लावला नाही, मग यालाच कॅन्सर कसा?" कुणाला कर्करोग झाल्याचं कळलं की हा प्रश्न येतोच. मागोमाग पापाचं फळ, कुणाची तरी नजर, असली उत्तरंही येतात. आधीच खचलेल्या माणसावर अपराधाचं ओझं टाकणारी ही उत्तरं मला क्रूर वाटतात. पेशी दुभंगताना काय घडतं ते पाहिलं, तर त्यांची गरजच उरत नाही.

एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी सगळ्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. डीएनएची अक्षरं म्हणजे छोटे रासायनिक घटक. ती चारच, ए, टी, जी, सी. पण एकूण सुमारे ६०० कोटी. डीएनएच्या दोन धाग्यांत एसमोर टी, जीसमोर सी. नक्कल उतरवणारं विकर (एन्झाइम) म्हणजे डीएनए पॉलिमरेज. त्याचा आकार अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखा असतो: तळवा, बोटं, अंगठा. नवं अक्षर आलं की बोटं मिटतात आणि जोडी बरोबर असेल तर ती मुठीत चपखल बसते. पण कधी एखाद्या अक्षरातला हायड्रोजनचा अणू क्षणभर जागा बदलतो आणि जी-टी ही चुकीची जोडी हुबेहूब बरोबर जोडीसारखी दिसते. विकर फसतं. साधारण लाखात एकदा चुकीचं अक्षर असं आत शिरतं.

माझा जीव जडलाय तो याच्या पुढच्या क्षणावर. अणू जागेवर परततो, जोडी वाकडी होते, नव्या धाग्याचं टोक सुटू लागतं आणि विकर अडखळतं. ते सुटं टोक त्याच विकराच्या दुसऱ्या कप्प्यात शिरतं. तिथे चुकीचं अक्षर छाटलं जातं, टोक पुन्हा तळव्यावर येतं आणि काम पुढे सुरू! यातूनही निसटलेल्या चुका मागून येणारी दुरुस्ती-प्रथिनं वेचतात. त्यांचा शोध घेणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. एवढं झाल्यावर १०० ते १००० कोटी अक्षरांमागे एखादी चूक उरते.

ती बीजपेशीत उरली तर पुढच्या पिढीत जाते. प्रत्येक बाळात आईवडिलांकडे नसलेले असे काही डझन बदल असतात. सजीवांतलं वैविध्य आलं ते अशाच बदलांतून. शरीरातल्या इतर पेशींत उरली तर बहुतेकदा काहीच बिघडत नाही. पण पेशीला 'थांब' म्हणणाऱ्या पी-५३ सारख्या जनुकात ती पडली, आणि त्याच पेशीच्या वंशात आणखी काही साचल्या, तर गाठ वाढू लागते. चुका साचायला वर्षं लागतात, म्हणून वयाबरोबर धोका वाढतो. दुरुस्ती-प्रथिनाचंच जनुक जन्मतः बिघडलेलं असेल तर मोठ्या आतड्याचा कर्करोग तुलनेने लहान वयात गाठू शकतो; याला लिंच सिंड्रोम म्हणतात.

म्हणून सगळं नशिबावर सोडावं असं मुळीच नाही. तंबाखूच्या धुरातलं बेंझोपायरीन शरीरात गेल्यावर रूप बदलून जी या अक्षराला चिकटतं. नक्कल करताना विकराला ते नीट वाचता येत नाही, समोर सी ऐवजी ए बसतो आणि पुढच्या विभाजनात जीच्या जागी टी येतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसातल्या गाठींत, पी-५३ जनुकात, नेमकी हीच अदलाबदल वारंवार सापडते.