सूर्यसदृश ताऱ्यांचे ग्रह

वस्तुमान, तापमान व वर्णपट यांत सूर्याशी जवळीक असलेल्या, म्हणजे वर्णपटानुसार मुख्यतः जी वर्गातील व लगतच्या एफ आणि के वर्गांतील जवळच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह. ‘जवळचा तारा’ ही संज्ञा सैल आहे. येथे सुमारे १६० प्रकाशवर्षांपर्यंतचे तारे धरले आहेत.

पहिल्या शोधाचा मान कोणाला द्यावा, याविषयी एकमत नाही. सर्वांत जुना गाजलेला दावा भारतातला आहे. मद्रास वेधशाळेचे कॅप्टन जेकब यांनी १८५५ मध्ये भुजंगधारी तारकासमूहातील ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याच्या कक्षेत विसंगती दाखवून तिचे कारण ग्रह असावा असे सुचविले. १८९० च्या दशकात टी. जे. जे. सी यांनी तोच धागा पुढे नेला. परंतु १८९९ मध्ये मोल्टन यांनी सी यांची रचना गतिशास्त्रदृष्ट्या टिकणारी नसल्याचे दाखविले. वृषपर्वातील गॅमा ताऱ्याभोवतीचा ग्रह १९८८ मध्ये कॅम्पबेल, वॉकर व यांग यांनी सुचविला, पुढे स्वतःच शंका घेतली आणि २००३ मध्ये तो खरा ठरला. मात्र हा तारा उपराक्षसी, म्हणजे म्हातारपणाकडे झुकून फुगू लागलेला, असल्याने ‘सूर्यसदृश’ म्हणताना ओढाताण होते. १९९२ चे व्होल्शचान व फ्रेल यांचे ग्रह स्पंदकाभोवतीचे, म्हणजे मृत ताऱ्याच्या अवशेषाभोवतीचे. म्हणून मेयर व केलोझ यांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये जाहीर केलेला महाश्वातील ५१ क्रमांकाच्या ताऱ्याचा ग्रह पहिला मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याचा आवर्तकाल ४.२३ दिवस आहे. त्यावरही १९९७ मध्ये ग्रे यांनी आक्षेप घेतला होता, की ही ताऱ्याच्या पृष्ठभागाची स्पंदने असावीत. पुढच्याच वर्षी नव्या वेधांनंतर त्यांनी तो मागे घेतला. या शोधाला २०१९ च्या भौतिकीच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

हा शोध अरीय वेगाच्या पद्धतीने लागला. ग्रहाच्या ओढीने तारा आपल्या दिशेने व उलट दिशेने डुलतो आणि त्याच्या वर्णरेषा त्या प्रमाणात सरकतात. ५१ महाश्वाचे डुलणे सेकंदाला सुमारे ५६ मीटर आहे. गुरूमुळे सूर्य १२.५ मीटर, तर पृथ्वीमुळे जेमतेम ९ सेंटिमीटर डुलतो. सेकंदाला १ मीटर वेगाने ५५० नॅनोमीटरची रेषा ०.०००००१८ नॅनोमीटर सरकते. वर्णपटमापकाचे तापमान किंचित हलले तरी रेषा याहून अधिक सरकते, म्हणून उपकरण निर्वातात ठेवतात आणि ताऱ्याबरोबरच थोरियम-अरगॉन दिव्याचा वर्णपट नोंदवितात. भारतात माउंट अबू येथील ‘पारस’ हे उपकरण याच तत्त्वावर चालते. या पद्धतीने केवळ किमान वस्तुमान कळते.

खरी अडचण ताऱ्याचीच आहे. त्यावरील डाग त्याच्यासोबत फिरतात आणि ग्रहासारखाच आभास निर्माण करतात. यमुनेतील एप्सिलॉनच्या ग्रहाबद्दल २००० पासून बराच काळ वाद चालला, तो याच कारणाने. मित्र (आल्फा सेंटॉरी) या जोडीतील ब ताऱ्याभोवती २०१२ मध्ये जाहीर झालेला ३.२४ दिवसांचा ग्रह तर वेध घेण्याच्या वेळांच्या अनियमित जाळ्यातून उद्भवल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. तिमिंगलातील टाऊभोवतीचे ग्रहही अद्याप संशयित म्हणूनच धरणे बरे.

विदर्भातील गावांतून हौशी निरीक्षकाला अरीय वेग मोजणे शक्य नाही. अधिक्रमण, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याच्या तेजात होणारी घट, मात्र मोजता येते. ५१ महाश्वाचे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर उत्तरेस २०° ४६′ आहे. वर्ध्याचा अक्षांश जवळजवळ तेवढाच, त्यामुळे तारा तेथे डोक्यावरून जातो. पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित पश्चिमेला तो काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचा ग्रह अधिक्रमण करत नाही. त्यासाठी त्याच तारकासमूहातील एचडी २०९४५८ हा तारा निवडतात. त्याचे अधिक्रमण १९९९ मध्ये सापडले, तेही १० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने. तेज ७.६ प्रत (आकडा मोठा तितका तारा मंद), घट सुमारे दीड टक्का, अवधी ३ तास, आवर्तकाल ३.५२४७ दिवस. दर दुसरे अधिक्रमण ७ दिवस १ तास ११ मिनिटांनी येते. म्हणजे वार तोच राहतो, पण संधी उशिराकडे सरकत दोन-तीन आठवड्यांत हातची जाते.

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. दुर्बीण स्लॅबवर नको, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो. अंगणातील मातीवर तासभर आधी मांडावी. प्रतिमा मुद्दाम किंचित अस्पष्ट करून ताऱ्याचा प्रकाश अनेक पिक्सेलांवर पसरवतात आणि कॅमेऱ्याच्या क्षमतेच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश इतकाच भरू देतात. चौकटीत जवळच्याच रंगाचा व तेजाचा तुलनातारा हवा. अधिक्रमणाच्या आधी व नंतर प्रत्येकी १ तासाची नोंद नसेल तर घट कशापासून मोजायची, हेच ठरत नाही. डोक्याजवळून जाणारा तारा याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना दुर्बिणीला आधार देऊन फिरवणारी जर्मन पद्धतीची बैठक उलटवावी लागते आणि तारा वेगळ्या पिक्सेलांवर पडून आलेखात पायरी दिसते. ती काढण्यासाठी संध्याकाळी नळीच्या तोंडावर धुवट पांढरे कापड ताणून समतल-चित्रे, म्हणजे एकसारख्या उजेडाची चित्रे, घेतात.

ओलिताच्या शेताशेजारी भिंगावर दव धरते. तेज हळूहळू उतरते, पण परत चढत नाही, यावरून ते ओळखता येते. रात्री कृषिपंप सुरू होताच व्होल्टेज पडते, म्हणून बैठक घरच्या विजेवर ठेवत नाहीत. फवारणी पंपाची १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांची बॅटरी १ अँपिअर घेणाऱ्या बैठकीला पाच तासांच्या नोंदीसाठी सहज पुरते. सोयाबीनच्या मळणीची धूळ व धुऱ्यावर पेटवलेला पालापाचोळा तुलनाताऱ्यामुळे बराचसा वजा होतो, धुराचा लोट एकाच ताऱ्यावरून गेला तर होत नाही. गडचिरोलीकडे मार्च-एप्रिलात मोहाखालचा पाला जाळतात, तेव्हा क्षितिजालगतचे वेध वायाच जातात. मित्र तारा या अक्षांशावरून जेमतेम ९-१० अंश वर येतो, तोही याच सुमारास.

घड्याळ सेकंदापर्यंत अचूक हवे. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केल्यावर पृथ्वीच्या कक्षेतील स्थानाची दुरुस्तीही करावी लागते; ती विसरल्यास अधिक्रमणाचा मध्यक्षण ८ मिनिटांपर्यंत चुकतो.