सांगलीच्या हवेतला आकडा कुणाचा?

डिसेंबरातली पहाट. वाळव्याच्या बाजूला उसाचा फड तुटून गेला की पाचट पेटवतात. त्याचा धूर वर चढत नाही, रानातून गावापर्यंत अंथरल्यासारखा पसरतो. दुपारी त्याच रस्त्याने जावं तर आभाळ मोकळं. रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होऊन खालीच अडकते; ऊन तापलं की तीच हवा किलोमीटर-दीड किलोमीटर वरपर्यंत घुसळून निघते. कार्बन डायऑक्साइडचंही हेच होतं. त्यातून पिकं रात्रभर तो सोडतात आणि दिवसा शोषतात. त्यामुळे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा पहाटेचा आकडा मोठा आला म्हणून सांगलीने जास्त वायू सोडला असं म्हणता येत नाही.

हा गुंता सोडवायला शास्त्रज्ञ वातावरणीय वहनाची प्रारूपं वापरतात. संगणकात हवेचे चौकोनी कप्पे पाडायचे, प्रत्यक्ष नोंदींवरून काढलेले वारे त्यांतून वाहू द्यायचे आणि शेत, चिमणी, समुद्र यांची देवघेव प्रत्येक कप्प्यात मांडायची. मला त्यातली उलटी रीत फार आवडते. मोजणीच्या जागी हजारो काल्पनिक कण सोडून वारा मागे फिरवायचा, म्हणजे ही हवा कुठून कुठून आली ते कळतं. जुलैत कण अरबी समुद्र ओलांडून थेट विषुववृत्तापलीकडे जातात. जानेवारीत ते जमिनीवरच, ईशान्येकडे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2009 पासून सिंहगडावर हवेचे नमुने घेतले, ते अशाच प्रारूपांशी ताडून पाहता येतात. एकच गड, पण पावसाळ्यात तो समुद्राची खबर देतो आणि हिवाळ्यात देशाची.

अडचण सह्याद्रीची आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर जत-आटपाडीत दुष्काळ; प्रारूपाचा कप्पा शंभर-दोनशे किलोमीटरचा असला तर कोकण, घाटमाथा आणि कृष्णाकाठ एकाच कप्प्यात जातात, डोंगर सपाट होतो आणि उसाचा हिशेब जंगलाच्या खात्यावर पडतो. कप्पे बारीक करायला हवेत, हे खरं. पण घाटमाथ्यावरच्या मोजणीला कृष्णाकाठच्या मळ्यात एक जोडीदार मनोराही हवा, असं मला ठामपणे वाटतं.

हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर 1958 साली हवेच्या दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 315 भाग होते, आज 420 च्या वर आहेत. ही वाढ साऱ्या जगाची. सांगलीच्या जानेवारीतल्या आकड्यातून जगभरची ही पातळी वजा केली, वाऱ्याने आणलेली भर वजा केली, की जे उरतं ते इथलं. त्यातही पाचटाचा कार्बन उसाने याच हवेतून घेतलेला, तो वेगळा काढायचा. कोळसा आणि डिझेलचा तसा नाही.